पाय लागला म्हणून

मुली फुटबॉल खेळताना एकमेकींना कमी मारतात असं ज्यांना वाटतं, त्यांना मी आमच्याकडच्या शाळकरी मुलींच्या एखाद्या सामन्याला बोलावणार आहे. खुर्ची टाकून बसवीन, चहा पाजीन आणि सामना संपला की विचारीन, बोला आता. मुलगे निदान पाडतात ते उघड पाडतात. मुली पंचाची पाठ फिरायची वाट बघतात. कॉर्नरच्या वेळी घोळक्यात काय काय चालतं ते मला विचारा. वेणी ओढतात, बरगडीत कोपर घालतात, बुटाच्या टाचेनं शेजारणीच्या पायाची बोटं चेचतात आणि वर आभाळाकडं बघत साळसूदपणे उभ्या राहतात. एक मुलगी तर सामन्याच्या दिवशी केसांना खोबरेल थापून यायची. वेणी कुणी ओढलीच तर हातातून निसटावी म्हणून. मी तिला त्याबद्दल कधी काही बोलले नाही. तेलाबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही.

मी पंच आहे. पोटापाण्यासाठी निपाणीजवळच्या एका मराठी हायस्कुलात खेळ शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी काळे कपडे घालून लोकांच्या शिव्या खाते. माहेर लोंढ्याचं. तिथं रेल्वेच्या वसाहतीतल्या मैदानावर भावांबरोबर खेळले, गुडघे फोडून घेतले, आईचा मार खाल्ला. लग्न होऊन निपाणीला आले तेव्हा फुटबॉल सुटला असं सगळ्यांनी धरून चाललं होतं, मीही धरून चालले होते. पुढं शाळेत नोकरी लागली, आणि एकदा ठरलेला पंच आला नाही म्हणून कुणीतरी माझ्या हातात शिट्टी दिली. ती मी अजून परत केलेली नाही. नवरा म्हणतो, तू घरातसुद्धा शिट्टी गळ्यात घालूनच वावरतेस. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

आमच्या भागात पंचाला दोन भाषांत शिव्या मिळतात. निपाणीच्या मैदानावर एका बाजूला तंबाखूच्या वखारीची भिंत आहे, तिथं सावलीला बसणारे मराठीतून सुरू होतात. पलीकडं चिकोडीकडून संघाबरोबर आलेले लोक कानडीतून. मला दोन्ही भाषा येतात, हे माझं दुर्दैव. मराठी शिव्या बहुतेक डोळ्यांवर असतात आणि कानडी अकलेवर. सीमाप्रश्न सुटो न सुटो, पंच आंधळा असतो यावर दोन्हीकडचं एकमत आहे. मुलींना तर मला काय म्हणावं तेच कळत नाही. घाईत ‘ओ सर’ म्हणतात, मग जीभ चावून ‘मॅडम’ म्हणतात, आणि फारच काकुळतीला आल्या की ‘आक्का’. आक्का म्हटलं की मी विरघळते, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

ही गोष्ट जिची आहे ती मुलगी मला पहिल्यापासून आक्काच म्हणायची. बोरगावच्या बाजूच्या एका खेड्यातल्या शाळेची बॅक, म्हणजे बचावाला मागं खेळणारी. बुटकी, खांद्यांनी रुंद, अंगावर चार नंबरची जर्सी, ती ढोपरापर्यंत आलेली. पहिल्यांदा मी तिला बघितलं ते निपाणीच्या साखळी सामन्यात. त्या दिवशी मी लाइनवर झेंडा घेऊन उभी होते. मुख्य पंच एक निवृत्त गृहस्थ होते, भला माणूस. समोरच्या संघाची फॉरवर्ड चेंडू घेऊन सुसाट आली, आणि या मुलीनं जमिनीवर घसरत, पाय लांब करून, चेंडू असा काढून घेतला की मला खेळायचे दिवस आठवले. आधी चेंडू, मग जरासा पायाला पाय. अगदी स्वच्छ. फॉरवर्ड पडली. पडणारच, पळतानाचा जोर होता. आणि मग ही चार नंबर चेंडू पुढं मारायचा सोडून वाकली, पडलेल्या मुलीच्या पायाला हात लावला आणि तो हात छातीला लावला.

आपल्याकडं कुणाला चुकून पाय लागला की आपण हे करतो. बसमध्ये करतो, पंगतीत करतो, दप्तराला किंवा केरसुणीला पाय लागला तरी करतो. कुणी शिकवलं ते आठवत नाही, हात आपोआप जातो. पण फुटबॉलच्या मैदानात शिरताना आपण सगळेच ती सवय चपलांबरोबर बाहेर ठेवतो. दर मिनिटाला कुणाचा तरी पाय कुणाला तरी लागत असतो, कुठं वाकत बसणार? या पोरीनं ती बाहेर ठेवलीच नव्हती.

पंचांनी शिट्टी वाजवली. फाऊल. मी झेंडा खाली धरून उभी होते, म्हणजे माझ्या मते काही नव्हतं. पण त्यांनी मला विचारलं नाही. त्यांनी टॅकल नीट बघितलंच नव्हतं, त्यांनी फक्त नमस्कार बघितला. गुन्हेगार स्वतः माफी मागतोय म्हटल्यावर साक्षीदार कशाला हवा? त्या फ्री किकवर गोल झाला. सामना संपल्यावर मी त्यांना म्हणाले, सर, ते स्वच्छ होतं. ते म्हणाले, अहो मॅडम, तिनं कबूल केलं की!

हे सगळीकडं पसरायला वेळ लागला नाही. शाळेच्या मुलींना दुसऱ्या संघाचं काय काय माहीत असतं ते बघून पोलिसांनी लाजावं. चार नंबरच्या अंगाला अंग लागलं की पडायचं. पडलं की ती वाकते, ती वाकली की शिट्टी. पुढं पुढं तर इतकं झालं की समोरच्या मुली आधी तिलाच लाथ घालायच्या आणि मग स्वतः पडायच्या. हिच्या नडगीवर बुटाचा वळ उठलेला, आणि तरी ही लंगडत जाऊन नमस्कार करणार, कारण लाथ कुणी का मारेना, पाय तर लागला होता ना! आणि फाऊल हिच्यावरच. एकदा तर पाडलेली मुलगी उठून पळत सुटली तेव्हा ही नमस्कार राहिला म्हणून तिच्यामागं धावत गेली. सावलीला बसलेले लोक हसून लोळले. मीही हसले. पण घरी येताना मला त्या वळाची आठवण झाली आणि वाईट वाटलं.

चार नंबरच्या संघाचे कोच म्हणजे गावातले पशुखाद्याचे दुकानदार. जैन घरातले, घरात कानडी आणि मराठी दोन्ही, फुटबॉलचं वेड कोल्हापुरात कॉलेजला असताना लागलेलं. दुकान भावावर टाकून पोरींना शिकवायचे, स्वतःच्या टेंपोतून सामन्यांना आणायचे. सज्जन माणूस, पण चिडले की कानडीत जायचे. चार नंबर वाकली रे वाकली की यांची लाइनीवरून आरोळी, “नमस्कार ब्याड!” नमस्कार नको! सगळ्या मैदानाला ते पाठ झालं होतं. प्रेक्षक त्यांच्या आधी ओरडायचे. कोचनी तिच्या दोन्ही मुठींत रुमाल देऊन बघितले, म्हणजे हात मोकळे राहणार नाहीत. ती रुमालासकट नमस्कार करू लागली. मग त्यांनी तिला हात पाठीमागं बांधून पळायला लावलं, तशी ती तोंडावर पडली.

पावसाळ्याच्या शेवटी एका सामन्यानंतर निपाणीच्या बसस्टँडवर ती मला भेटली. त्यांचा टेंपो बंद पडला होता आणि सगळा संघ बोरगावच्या बसची वाट बघत चुरमुरे खात होता. मी भाजी घेऊन घरी निघाले होते. ती मैत्रिणींतून उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“आक्का, एक इचारू?”

“इचार की गं.”

“नमस्कार केला की फाऊल हुतंय, असं नियमाच्या पुस्तकात लिवलंय व्हय?”

“न्हाय. कुठंच लिवलेलं न्हाय.”

“मग शिट्टी कशापायी वाजीवत्यात?”

“त्यास्नी वाटतंय तू कबूल करालीयास.”

तिला हे खरोखरच नवीन होतं. “कबूल कसलं? पाय लागला म्हणून नमस्कार. फाऊल येगळं आनि पाय लागायचं येगळं. व्हय का न्हाय?”

मी इतकी वर्षं शिट्टी वाजवते आहे, पण ही गोष्ट इतक्या सोप्या शब्दांत मला कुणी सांगितली नव्हती. मी म्हटलं, व्हय.

मग तिनं खरी गोष्ट सांगितली. येत्या रविवारी बेळगावात उपांत्य सामना होता. तिथं जिल्ह्याच्या संघासाठी मुली निवडायला निवड समितीचे सर येणार होते. निवडलेल्या मुली बेळगावातच वसतिगृहात राहणार, तिथल्या शाळेत शिकणार आणि रोज सकाळ-संध्याकाळ खेळणार. हिच्या शाळेत पुढच्या वर्गांना मुलींचा संघच नव्हता. म्हणजे निवड झाली तर फुटबॉल, नाही तर या पावसाळ्याबरोबर तोही संपला.

“सर म्हनल्यात, बेळगावात येकदा जरी वाकलीस तर तितल्या तितं भाईर काडीन.”

“मग वाकू नको. एकच दिवस हाय.”

“हात आपसूक जातोय, आक्का. आनि न्हाय केला तर मला जेवान जात न्हाय.”

तेवढ्यात बस आली. ती पळाली. खिडकीतून तिनं हात केला आणि मी भाजीची पिशवी घेऊन तिथंच उभी राहिले. मला तिचा इतका राग आला होता आणि इतकी माया वाटत होती की दोन्हीतलं काय जास्त ते समजेना.

बेळगावच्या सामन्याला मुख्य पंच मी होते. मैदान कॅम्पच्या, म्हणजे लष्करी छावणीच्या बाजूला, तांबड्या मातीचं, कडेला मोठमोठी झाडं. समोरचा संघ शहरातल्या एका शाळेचा. त्यांची नऊ नंबर उंच, लांब पायांची, डोक्यानं तल्लख. फुटबॉल तिला खरंच येत होता, पण पडणं त्याहून चांगलं येत होतं. निवड समितीचे सर मांडवात बसले होते, पांढरी टोपी घालून. आणि तारेच्या कुंपणापलीकडं, आत न येता, चार नंबरचे वडील उभे होते. धोतर, टॉवेल, हातात मोटरसायकलची किल्ली. ते आत का येत नाहीत असं मी कोचना विचारलं. कोच म्हणाले, “तेनी कधीच आत येत न्हाईत, मॅडम. पोरगीला लागलेलं जवळनं बघवत न्हाय म्हनत्यात.”

पंचानं कुणा एका खेळाडूची बाजू घ्यायची नसते. मी घेतली नाही. पण नाणेफेकीच्या वेळी दोन्ही संघांना जवळ बोलवून काही सूचना देण्याचा मला हक्क असतो, आणि तो मी वापरला. मराठीत सांगितलं आणि मग तेच कानडीत सांगितलं, म्हणजे नंतर कुणाला कळलं नाही म्हणायला जागा नको. म्हटलं, आज फाऊल कुठलं ते मी ठरवणार. कुणाच्या पडण्यावर ठरणार नाही, कुणाच्या ओरडण्यावर ठरणार नाही आणि कुणाच्या नमस्कारावरही ठरणार नाही. नमस्कार ज्याला करायचा त्यानं खुशाल करावा. ती माझी बाब नाही. फाऊल ही माझी बाब.

नऊ नंबर गालात हसली. चार नंबरनं मान खाली घातली होती.

पहिला हाफ बघून मला रडू यायचं बाकी होतं. पोरगी खेळतच नव्हती. दोन्ही हातांनी हाफ पँटच्या कडा घट्ट धरून पळत होती. मला आधी समजेना की ती चेंडूपर्यंत जाऊन थांबते का. मग लक्षात आलं. नमस्कार करायचा नाही म्हटल्यावर तिनं ठरवलं होतं की पायच लागू द्यायचा नाही. टॅकल करणाऱ्या बॅकनं पाय लागू द्यायचा नाही म्हणजे स्वयंपाक करायचा आणि चूल पेटवायची नाही. नऊ नंबर तिला हवी तशी बगल देऊन जात होती, आणि जाता जाता कोपर घालत होती. त्यातली काही कोपरं मी पकडली, ताकीद दिली. एकदा खोटं पडल्याबद्दल तिला पिवळं कार्डही दाखवलं. मांडवातून माझ्या डोळ्यांची चौकशी झाली. गोल झाला नाही तो निव्वळ नशिबानं.

दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला नऊ नंबर पुन्हा एकटीच निसटली, आणि चार नंबरचा संयम सुटला असावा. हात पँटवरून सुटले. तिनं झेप घेतली, घसरली आणि चेंडू काढला. तेच जुनं सुंदर टॅकल. पायाला पाय लागला, नऊ नंबर पडली आणि ही उठता उठता वाकली. हात पायाला, हात छातीला. मग तिला आठवलं आणि तिनं भेदरून बाहेर कोचकडं बघितलं. कोच उभे राहिले होते. तोंड उघडलेलं होतं. सगळं मैदान माझ्याकडं बघत होतं.

मी शिट्टी वाजवली नाही. दोन्ही हात पुढं करून खेळ चालू ठेवा म्हणून खूण केली. तिच्या मैत्रिणींनी मोकळा चेंडू उचलला आणि त्या पार समोरच्या गोलपर्यंत जाऊन आल्या. कोच हळूच खाली बसले. मी पळत होते म्हणून कुणाला दिसलं नाही, पण मी हसत होते.

त्यानंतर जे काही ती खेळली ते मी विसरणार नाही. टॅकल, नमस्कार, उठ, पळ. हेडर, नमस्कार, पळ. तिनं त्याला एक लय आणली होती, वेळ जातच नव्हता. प्रेक्षक पहिल्यांदा ‘फाऊल, फाऊल’ म्हणून ओरडले आणि मग कंटाळून गप्प झाले. नऊ नंबर चिडली, कारण पडून काही मिळेना. चिडली तशी जास्त चांगली खेळू लागली. त्या दोघींची अशी काही जुंपली की मी पंच आहे हे विसरून मला खुर्ची टाकून बसावंसं वाटत होतं. कुंपणापलीकडचे वडील टॉवेल तोंडाला लावून उभे होते.

सामना संपत आला होता. कॉर्नर झाला, गोलसमोर मुलींचा ढीग, धूळ, किंचाळणं. चेंडू त्या ढिगातून सुटून नऊ नंबरकडं गेला, ती वळली आणि आडवी झाली. चेंडू गोलच्या बाजूनं रेषेबाहेर गेला. माझ्या आणि त्या दोघींच्या मध्ये तीनचार पाठी होत्या. मला काही दिसलं नाही. मी लाइनवरच्या पंचाकडं बघितलं, त्याचा झेंडा खाली. चार नंबर वाकून नमस्कार करत होती. शहरातल्या शाळेच्या प्रेक्षकांतून ओरडा झाला, “नमस्कार केला! पेनल्टी! पेनल्टी!” नऊ नंबर घोटा धरून बसली होती आणि या वेळी ती खरोखर रडत होती. पण ती दिवसभर इतक्या वेळा पडली होती की तिच्याच बाकावरची कुणी उठली नाही. मी माझ्या शब्दाला धरून राहिले. नमस्कार ही माझी बाब नाही. मी गोल किकची खूण केली.

गोलकीपर चेंडू आणायला गेली. तेवढ्यात चार नंबर सरळ माझ्याकडं चालत आली. धुळीनं तोंड तांबडं झालेलं.

“आक्का, ह्ये फाऊल हुतं.”

“काय?”

“माझा पाय आदी तिच्या पायाला लागला. चेंडूला लागलाच न्हाय. तुमच्या मधी पोरी हुत्या.”

चेंडू अजून पुन्हा खेळात आला नव्हता, म्हणजे निर्णय बदलता येत होता. मी तिच्याकडं बघत राहिले. खरं सांगायचं तर तिनं ते परत घ्यावं म्हणून मी वाट बघत होते. तिनं घेतलं नाही. मी पेनल्टी दिली.

नऊ नंबरनं लंगडत येऊन गोल मारला. थोड्या वेळानं मी शेवटची शिट्टी वाजवली. बोरगावकडच्या मुली हरल्या. त्या मैदानावरच फतकल मारून बसल्या आणि चार नंबरशी कुणी बोलेना. कोच तिच्याजवळ गेले, तोंड उघडलं, कुठल्या भाषेत बोलावं ते त्यांना सुचलं नसावं, मग पाण्याची बाटली तिच्या हातात देऊन ते निघून आले.

मी मांडवाशी सही करायला गेले तेव्हा पांढऱ्या टोपीवाले सर म्हणाले, “मॅडम, ती चार नंबर बॅक ताकदीची आहे. पण फाऊल फार करते. सारखी माफी मागत होती बघा.”

मला आतून उसळून आलं. म्हटलं, “सर, ती माफी फाऊलची नाही, पाय लागल्याची आहे. तुमचा पाय आत्ता माझ्या पिशवीला लागला तेव्हा तुम्हीही हात लावलात. तुम्ही काय फाऊल केलंत?” ते आपल्या हाताकडं बघायला लागले. मी थांबले नाही. “सबंध सामन्यात तिनं एकच फाऊल केलं. ते मला दिसलं नव्हतं, लाइनमनला दिसलं नव्हतं, तुम्हालाही दिसलं नसणार. ते तिनं मला येऊन तोंडानं सांगितलं. फाऊल केलं की ती सांगते. बाकीची सगळी टॅकल स्वच्छ होती, पंच म्हणून मी सांगते.”

त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाले, “बरं.” त्या ‘बरं’चा अर्थ मला लागला नाही.

ती नळावर होती, एकटी. पाय धूत होती. मी गेले ती तिला मिठी मारायला गेले नव्हते, भांडायला गेले होते. “कशापायी सांगिटलंस गं? मी शिट्टी वाजीवली न्हवती की! कुणी बगिटलं न्हवतं. गप बसली असतीस तर काय बिगडलं असतं?” माझा आवाज चढला होता. मैदानावर मी कधी इतकी ओरडले नसेन.

तिनं नळ बंद केला. तिला माझ्या रागाचं नवल वाटलं असावं. म्हणाली, “तुमीच सांगिटलासा न्हवं, फाऊल तुमी ठरीवनार म्हून? तुमाला दिसलं न्हाय. मग तुमाला सांगायचं कुनी?”

मी तिच्या घामेजल्या डोक्यावर हात ठेवला आणि मग मिठी मारलीच. काळा शर्ट चिखलानं भरला. तेव्हाच मांडवातल्या माइकवर निवडलेल्या मुलींचे नंबर वाचायला लागले. त्यांच्या शाळेचं नाव आलं, आणि चार. तिनं ऐकलं नाही, तिच्या कानावर माझा हात होता. मी हात काढून सांगितलं तर तिला खरं वाटेना. दुसऱ्या कुठल्या शाळेची चार नंबर असंल, म्हणाली. मग पळत मैत्रिणींकडं गेली, आणि ज्या मुली बोलत नव्हत्या त्यांनीच तिला उचलून धरलं. मुलींचं असंच असतं.

मी पिशवी घेऊन फाटकाबाहेर आले. वडील कुंपणाशीच उभे होते. त्यांनी नंबर ऐकला होता. डोळे लाल झाले होते. मी अभिनंदन करणार तोच ते म्हणाले, “मॅडम, एक इचारायचं हुतं.”

मला वाटलं खर्चाचं विचारतील, जेवणाचं विचारतील, मुलगी दूर राहणार म्हणून काळजीचं काही. माझी उत्तरं तयार होती.

“तितं हास्टेलात मोट्या ठिकानी तिला त्यो नमस्कार करू देत्यात न्हवं? न्हाय दिला तर पोरगी जेवत न्हाय.”

“देतील, आप्पा,” मी म्हणाले. मला काहीच खात्री नव्हती. पण त्यांना माझा फोन नंबर लिहून दिला आणि म्हटलं, कुणी अडवलं तर मला कळवा, मी येते.